दगड जिवंत कसा होतो? खाऱ्या पाण्याच्या टाकीची पावणेदोनशे वर्षं

आज सुरुवात एका व्हॉइस नोटपासून.

"भाऊ, लाइव्ह रॉक आहे आपल्याकडे. फ्रेश माल, समुद्रातून डायरेक्ट. थर्माकोलच्या डब्यात पॅक करून रात्रीच्या ट्रॅव्हल्सला टाकतो, सकाळी संभाजीनगरला उतरवून घ्या."

मी दहा किलो सांगितला. दोन हजार रुपये ॲडव्हान्सही लगेच पाठवले, कारण समोरचा म्हणाला होता 'शेवटचाच लॉट आहे', आणि या वाक्याला मी हमखास फसतो. मग झोपायच्या आधी सहज मेसेज टाकला, "दादा, कुठल्या समुद्रातून?" दोन निळ्या टिका आल्या. उत्तर मात्र बऱ्याच वेळाने आलं. "तुम्हाला दगड पाहिजे का पत्ता?"

त्या रात्री झोप उडाली वगैरे काही नाही, व्यवस्थित झोपलो. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद करून मी तेच शोधत बसलो होतो. समुद्रातला दगड घरातल्या काचेच्या टाकीत पहिल्यांदा कोणी आणला? कशासाठी आणला? आणि तो नाही आणला तर चालतं का? आजचा भाग या तीन प्रश्नांचा आहे.

आधी माझा संदर्भ सांगतो. मी पैठणचा. बीटेक केलं, पुण्यात काही वर्षं काढली, आता घरूनच कोड लिहितो. पैठणला पाण्याचं कौतुक नाही. नाथसागर उशाशी आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरण उभं राहिलं, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतील. पण ते पाणी गोडं. खारा समुद्र इथून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे.

आता यात एक गंमत आहे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं एक पुस्तक आहे. व्यापारी गलबतांसाठीची माहितीपुस्तिकाच समजा. त्यात आपलं पैठण आहे! भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, असं तो लेखक सांगतो, आणि पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतात असंही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा दगड समुद्राकडे जात होता. आणि मी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून समुद्राचा दगड पैठणला आणायला निघालो होतो.

समुद्राच्या वस्तू तेव्हाही इकडे यायच्या म्हणा. सातवाहनकाळातल्या वस्त्यांच्या उत्खननात शंखाच्या बांगड्या सापडतात. पण त्या बांगड्यांना श्वास घ्यायला लागत नव्हता.

तर लाइव्ह रॉक म्हणजे काय, ते आधी. नाव ऐकून वाटतं की दगडच जिवंत आहे. तसं नाही. मेलेल्या प्रवाळांचे चुनखडीचे सांगाडे वर्षानुवर्षं एकमेकांवर साचून जो भोकाभोकांचा दगड बनतो, तो हा. हातात घेतला तर आकाराच्या मानाने हलका लागतो. त्याच्या अंगावर गुलाबी शेवाळाचा थर असतो, भोकांत बारीक किडे, स्पंज आणि कोट्यवधी जिवाणू असतात. यातल्या जिवाणूंसाठी लोक पैसे मोजतात.

कारण मासा पाण्यात राहतो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. समुद्रात तो कुठल्या कुठे पांगतो. टाकीत तो जाणार कुठे? दगडाच्या वरच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन माशासाठी विष, तिसरं बरंचसं सुसह्य. आणि दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. एकाच दगडात वरच्या मजल्यावर एक खातं, तळघरात दुसरं. मशीन नाही, वीज नाही.

मला हे ठाऊक नव्हतं का? वाचलेलं होतं. तरी पहिल्या वेळी मी टाकी भरली, मीठ घातलं, पाणी काचेसारखं नितळ दिसलं आणि पाचव्या दिवशी दोन क्लाउनफिश आणून सोडले. निमो, तेच ते. नवव्या दिवशी सकाळी दोन्ही तळाशी. पाणी तेव्हाही नितळच होतं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला कोड टाकल्यावर काय होतं ते मला रोजच्या कामातून माहीत होतं, पण तिथे चुकलं तर रोलबॅक करता येतं. माझ्या भाचीने त्या दोघांची नावं ठेवली होती. तिला मी सांगितलं, दुकानात परत दिले. अजून तिला तेच वाटतं.

म्हणून मला तो दगड हवा होता. घाईने हवा होता.

चला, आता इतिहासात. साल १८४६. इंग्लंडमध्ये ॲना थिन नावाच्या बाई. नवरा पाद्री, घर लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आवारात. समुद्रकिनारी टॉर्की गावाला गेल्या असताना त्यांना छोटे जिवंत प्रवाळ दिसले आणि त्यांनी ते घरी न्यायचं ठरवलं. बरणीत गडगडून फुटू नयेत म्हणून बाईंनी सुई-दोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला टाचले! लंडनला आल्यावर प्रश्न आला पाण्याचा. समुद्राचं पाणी रोज कुठून आणणार? मग त्यांनी काय केलं, तर घरातल्या मोलकरणीला उभं केलं उघड्या खिडकीपाशी, आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतायला लावलं. रोज अर्धा-पाऊण तास. आज आपण शंभर-दोनशे रुपयांच्या एअरपंपाने करतो ते काम. पुढच्या वर्षी त्यांनी भांड्यात समुद्री शेवाळ टाकलं आणि मग ते प्रवाळ जवळपास तीन वर्षं जगले. समुद्रापासून लांब, घराच्या आत, इतका काळ टिकलेली खाऱ्या पाण्याची टाकी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. थिनबाईंचा लेख १८५९ मध्ये छापून आला. त्या मोलकरणीचं नाव मला कुठे सापडलं नाही.

आमच्या पैठणात पाणी भरणाऱ्याला मात्र नाव आहे. एकनाथ महाराजांच्या घरी बारा वर्षं कावडीने गोदावरीचं पाणी भरणारा श्रीखंड्या, आणि तो म्हणजे साक्षात कृष्ण, अशी कथा. नाथषष्ठीच्या आधी वाड्यातला रांजण भरायला आजही लोक रांगा लावतात. मी जेव्हा वीस-वीस लिटरचे कॅन जिन्यावरून वर चढवत होतो तेव्हा आई म्हणाली, "काय श्रीखंड्या झालायस का रे? पण तो देवासाठी भरत होता." मी काही बोललो नाही.

आई एवढ्यावर थांबली नाही, आणि तिचं चूक नव्हतं. टाकी तीन फुटी, पाणी दीडशे लिटर. नळाच्या पाण्यात आधीच क्षार असतात, क्लोरीन असतं, म्हणून आरओचं पाणी लागतं. घरच्या आरओत एक लिटर मिळवायला दोन-तीन लिटर वाया जातं. मराठवाड्यात राहून, टँकरची वाट बघत बसलेली गावं लहानपणापासून पाहून, मी शोभेच्या टाकीसाठी तीन-चारशे लिटर पाणी गटारात सोडणार होतो. शेवटी ते सगळं बादल्यांत धरलं. भांडी, फरशी, कुंड्या. दोन आठवडे आमच्या घरात पाणी सांडायला जागा नव्हती.

परत लंडन. १८५० च्या आसपास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवलं की वनस्पती माशाला ऑक्सिजन देते, मासा वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड, आणि गोगलगायी सडलेली पानं खातात. 'समतोल' हा शब्द तेव्हापासून या छंदाला चिकटला. आणि मग आला फिलिप हेन्री गॉस. निसर्गवेडा, धर्मनिष्ठ, लिहायला जबरदस्त. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना बघता येईल असं मत्स्यालय उघडलं, त्यात गॉसने किनाऱ्यावरून आणलेले जीव होते. १८५४ मध्ये त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्द घराघरांत गेला. समुद्र लांब असलेल्यांसाठी त्याने कृत्रिम समुद्राची कृतीही दिली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड. चार क्षार मोजून पाण्यात घाला. माझ्या टाकीत जे सव्वापाच किलो तयार मीठ गेलं, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशोबाने, त्याचा हा खापरपणजोबा.

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. झालं! सगळ्या दिवाणखान्यांत टाक्या. इन्स्टाग्रामवर एखादी गोष्ट ट्रेंड होते तसं, फक्त वेग जरा कमी.

आता इथे मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सांगतो. समुद्री शेवाळाला मूळ नसतं. ते दगडाला चिकटलेलं असतं आणि उपटलं तर मरतं. म्हणून गॉस सांगायचा, छिन्नी-हातोडा घ्या आणि शेवाळासकट दगडाचा टवका काढून आणा. लोक तेच करायचे. टाकी टिकली की म्हणायचे, शेवाळाने ऑक्सिजन दिला म्हणून टिकली. ते खरंच होतं, पण अर्धं. टवक्याबरोबर दगडावरचे जिवाणूही घरात आले होते, आणि अमोनियाचा निकाल लावण्यात त्यांचा हात होता. ते जिवाणू कोणाला दिसलेच नव्हते. अशा जिवाणूंना वेगळं काढून ओळख द्यायचं काम सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये केलं, तेही माशांसाठी नाही, मातीचा अभ्यास करताना. तोपर्यंत लोक चाळीसेक वर्षं लाइव्ह रॉक वापरत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

आणि याची किंमत? ती एका मुलाने लिहून ठेवली. गॉसचा मुलगा एडमंड, लहानपणी बापाबरोबर डेव्हनच्या किनाऱ्यावर खडकांतली डबकी धुंडाळत फिरलेला. १९०७ मध्ये त्याचं 'फादर अँड सन' हे आत्मचरित्र आलं. त्यात तो सांगतो की ती डबकी आता उरली नाहीत. वडिलांची पुस्तकं वाचून हौशी लोकांच्या झुंडी आल्या आणि त्यांनी खडक ओरबाडून नेले. आपल्या कामातून हे होईल याची बापाला कल्पना नव्हती, आणि नंतर त्याला त्याचा फार त्रास झाला, असंही तो लिहितो. हे वाचलं तेव्हा माझं ॲडव्हान्स जाऊन बारा तास झाले होते.

(मागे कुकरची शिट्टी येतेय, सॉरी. खोली बदलायला दुसरी खोली नाही.)

आपल्या देशात काय चाललं होतं? १९०९ मध्ये मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर मत्स्यालय सुरू झालं, तिथल्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांच्या पुढाकाराने. आणि आपलं मराठी माणसाचं मत्स्यालय म्हणजे मुंबईचं तारापोरवाला. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्‌घाटन. बांधकामाचा खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख दानशूर पारशी गृहस्थ तारापोरवाला यांनी दिले म्हणून त्यांचं नाव. चर्नी रोडला उतरायचं, मरीन ड्राइव्हचा रस्ता ओलांडला की समुद्र. मी शाळेच्या सहलीत गेलो होतो. बाकी पोरं कासव बघत होती, मी एका काचेपुढे उभा राहिलो ते सरांनी कॉलर धरून ओढेपर्यंत. आत निळा-पिवळा मासा एका दगडाभोवती गोल फिरत होता. त्या दिवशी दगडाकडे कोण बघतंय!

मद्रास काय, मुंबई काय, दोन्ही समुद्राच्या काठावर. ही मत्स्यालयं तिथे होती कारण पाणी तिथे होतं. घरात, समुद्रापासून लांब, खारी टाकी टिकवणं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फार थोड्यांना जमलं. तेव्हाच्या टाक्यांचे फोटो बघा. ब्लीच करून पांढरे शुभ्र केलेले प्रवाळांचे सांगाडे, स्वच्छ धुतलेली वाळू, आणि बिचारा एक मासा. ऑपरेशन थिएटरसारखं. लोकांना वाटायचं, स्वच्छ म्हणजे चांगलं. उलट, जे काम करणार होतं तेच त्यांनी धुऊन टाकलं होतं.

हे उलटवलं जकार्तामधल्या एका माणसाने, ली चिन एंग त्याचं नाव. १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्याने आपली पद्धत मांडली. समुद्राचं पाणी, समुद्रातले जिवंत खडक, ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे. फिल्टर नाही. त्याच्या टाकीत मासेच नाही, प्रवाळही जगत होते. पण ज्यांच्या दाराशी प्रवाळाचा समुद्र नाही त्यांनी काय करायचं, म्हणून बरीच वर्षं लोकांनी ते बाजूला ठेवलं. मग बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत खडकाला फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली आणि १९८० च्या दशकात ती पद्धत अमेरिकेत पोचली. तेव्हापासून लाइव्ह रॉक म्हणजे या छंदाचा पायाच झाला.

पाया म्हटला की मागणी आली. आणि मंडळी, गॉसच्या वेळी माणसं पिशवीभर टवके नेत होती, आता कंटेनर भरून जायला लागले. फ्लोरिडात खडक इतके निघायला लागले की १९८९ मध्ये राज्याने आपल्या समुद्रातून ते काढणं बंद केलं, आणि नव्वदच्या दशकात केंद्राच्या हद्दीतही बंदी आली. तिथल्या लोकांनी मग डोकं चालवलं. जमिनीवरच्या खाणीतला चुनखडीचा दगड बोटीतून नेऊन भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर टाकायचा, काही वर्षं थांबायचं, आणि त्यावर जीव बसले की तोच बाहेर काढून विकायचा. शेतीच ती. मला हा भाग वाचून इतका आनंद झाला की मी कॉलवर चुकून अनम्यूट होतो आणि 'वा!' म्हणालो. मॅनेजरला वाटलं, त्यांच्या रोडमॅपला म्हणालो.

आता आपल्याकडे या. भारतात प्रवाळ कुठे? अंदमान, लक्षद्वीप, कच्छचं आखात, मन्नारचं आखात. महाराष्ट्रातही आहेत, हे मला नव्याने कळलं. मालवणच्या समुद्रात आहेत, तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झालं. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, अरबी समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. त्याचं नाव अँग्रिया बँक. आपल्या कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून! वीसेक मीटर खोलीपासून तिथे प्रवाळ आहेत. लाटांवर राज्य केलेल्या माणसाचं नाव लाटांखालच्या बागेला. हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात का नव्हतं?

मन्नारच्या आखातात एकेकाळी प्रवाळ फोडून चुनाभट्ट्यांना आणि कारखान्यांना जात होते. शोभेच्या वस्तू म्हणून रामेश्वर-कन्याकुमारीच्या दुकानांत मांडलेले असायचे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे प्रवाळ घातले गेले. पहिली अनुसूची म्हणजे ज्या यादीत वाघ आहे ती. त्यातला प्राणी, त्याचे अवयव, सांगाडा यांचा व्यापार केला तर तीन ते सात वर्षांची कैद. आणि आपला लाइव्ह रॉक बनलाय कशाचा? प्रवाळांच्या सांगाड्यांचा.

म्हणजे त्या 'दगड पाहिजे का पत्ता' म्हणणाऱ्या दादाला कळत होतं तो काय विकतोय. मला कळत नव्हतं. किंवा खरं बोलायचं तर, मला न कळणं सोयीचं होतं. मी त्याला मेसेज केला, 'ऑर्डर कॅन्सल'. त्याने अंगठा पाठवला. दोन हजार परत आले नाहीत, मी मागितलेही नाहीत. मागणार तरी कुठल्या तोंडाने?

मग टाकीचं काय केलं? इथून पुढे इतिहास थोडा, उपद्व्याप जास्त.

आमच्या गल्लीत एक गवंडीकाका आहेत. त्यांना म्हटलं, काका, मला भोकं असलेला दगड बनवायचाय. ते म्हणाले, "आयुष्यभर भोकं बुजवायचे पैसे घेतले, आता पाडायचे घेतो." एक भाग पांढरं सिमेंट. शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ मिळून चार भाग. चुरा कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो, अंड्याचं कवच मजबूत व्हावं म्हणून देतात तो. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात हे मिश्रण ओतलं. सुकल्यावर पाण्यात टाकलं की मीठ विरघळतं आणि त्याच्या जागी भोकं उरतात. पण ओल्या सिमेंटचं पाणी भयंकर अल्कलाइन, पीएच बारापर्यंत जातो, मासा क्षणभर टिकणार नाही. म्हणून सात आठवडे ते दगड गच्चीवर टबात, आणि जवळपास रोज पाणी बदल. ते पाणी अर्थातच आरओचं वाया जाणारं. आईला हा हिशोब आवडला.

दगड झाले. पण मेलेले. त्यांना जिवंत करायचं तर दोन गोष्टी लागतात, जिवाणूंना अन्न आणि मुळात जिवाणू.

अन्नासाठी बरेच जण टाकीत एक कोळंबी सडायला ठेवतात. आमच्या माळकरी घरात ते शक्यच नव्हतं. दुसरा उपाय रसायनशास्त्राच्या पुस्तकातला, अमोनियम क्लोराइड. तुम्ही म्हणाल, हे काय नवीन? अहो, नवसागर! कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकायचा आणि भसकन पांढरा धूर यायचा, तोच. नाथसागराच्या गावात नवसागर. कल्हईच्या नवसागरात धातूंची भेसळ असू शकते म्हणून मी प्रयोगशाळेच्या प्रतीचा आणला. दीडशे लिटरला साधारण एक ग्रॅम, म्हणजे पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया. चिमूटभर.

जिवाणू आले पुण्याहून, एसटीने. माझ्या एका मित्राची खारी टाकी सात-आठ वर्षं जुनी आहे. त्याने फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा आणि सिरॅमिकची दोन-तीन नळकांडी खाऱ्या पाण्याच्या डब्यात घालून दिली. तो डबा मी लाल गाडीत मांडीवर धरून आणला. शेजारचे बाबा म्हणाले, "काय, शिरा का?" मी हो म्हटलं.

मग वाट. दर दोन दिवसांनी टेस्ट किट, आकडे शीटमध्ये. अकराव्या दिवशी अमोनिया उतरायला लागला आणि नायट्राइट चढायला लागलं. चौविसाव्या दिवशी वीज गेली ती पाच तास. इन्व्हर्टरवर फक्त पंप चालू ठेवला, घरचे पंख्याशिवाय बसले. पुढे उकाडा वाढला आणि पाणी रोज लिटर-दीड लिटर उडायला लागलं. इथे नवखे चुकतात म्हणून सांगतो, उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. भर घालायची ती साध्या पाण्याची, खाऱ्या नाही. एकेचाळिसाव्या दिवशी चिमूटभर नवसागर टाकला आणि चोवीस तासांनी मोजलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. कोणाला सांगू? आईला सांगितलं. ती म्हणाली, "शून्य आलं म्हणून एवढा काय हसतोस?"

खोटं बोलत नाही, माझा दगड समुद्राच्या दगडासारखा नाही. तो पांढरट होता, मग त्यावर तपकिरी बुरशीसारखा थर चढला, मग हिरवा. आतली भोकं उथळ, त्यामुळे तळघरातलं खातं अजून नीट सुरू नाही आणि नायट्रेटसाठी दर पंधरवड्याला पाणी बदलावं लागतं. किडे नाहीत, स्पंज नाहीत, रात्री टॉर्च मारल्यावर काहीतरी सरपटतंय ती मजा नाही. दोन क्लाउनफिश आहेत, हॅचरीत वाढलेले. पाच महिने झाले. भाचीला वाटतं, दुकानदाराने परत दिले.

परवा मित्राशी बोलताना सहज विचारलं, "तुझ्या टाकीत पहिला दगड कुठून आला होता रे?" तो जरा थांबला. म्हणाला, "तेव्हा कोण विचारत होतं? एक माणूस आणून द्यायचा. तमिळनाडूकडचा असेल."

म्हणजे माझ्या सिमेंटच्या दगडावर जे कोट्यवधी जिवाणू आता अमोनिया खातायत, त्यांचे पूर्वज बहुधा त्याच आखातातून, तशाच थर्माकोलच्या डब्यातून आले असणार. मित्राच्या सिरॅमिक नळकांड्यावर मोहरीएवढा गुलाबी ठिपका होता. समुद्री शेवाळाचा, खऱ्या दगडावर असतो तो. गेल्या आठवड्यात तसाच एक ठिपका माझ्या दगडावर, काचेकडच्या बाजूला दिसला.

आणि आमच्या शोकेसमध्ये, टाकीपासून चार फुटांवर, आजीने रामेश्वरच्या यात्रेहून आणलेलं पांढरं प्रवाळ आहे. नव्वदच्या दशकातलं, कायद्यात नाव येण्याच्या आधीचं. लहानपणी मी ते कानाला लावून समुद्र ऐकायचा प्रयत्न करायचो, शंख समजून. आई परवा म्हणाली, "अरे, एवढा खटाटोप केलास, हेच टाकायचं होतं की आत." मी ते हातात घेतलं, पुसलं आणि परत जागेवर ठेवलं.

या भागाबद्दल काही विचारायचं असेल, किंवा तुमच्या घरच्या शोकेसमध्येही असं काही असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू.